तीन टप्प्यांची शिडी

सकाळच्या चहाला क्लाइव्ह हॅरॉपने वर्तमानपत्रावर सुरी आपटली आणि सुरीवरचं लोणी थेट अर्थसंकल्पाच्या मथळ्यावर जाऊन बसलं.

"वाच ग्लेनिस, वाच! कर वाढला. कुणाचा? आपला. आणि पैसा चालला कुठे? लोकांच्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या पोराला! इतकी वर्षं दोन पोरांपुढे मदत मिळत नव्हती. सरकारने केलेली तेवढीच एक शहाणपणाची गोष्ट होती, तीही गेली."

"लोणी पूस आधी," त्याची बायको ग्लेनिस म्हणाली. "मागच्या पानावर शब्दकोडं आहे."

"आपण तीन वाढवली. जेनेट, नील, मँडी. कधी कुणापुढे हात पसरला? सरकारचा एक पेनी तरी आला या घरात?"

ग्लेनिसने किटलीकडे पाहिलं. "अजून चहा घेणार?"

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ग्लेनिसजवळ उत्तर असलं आणि ते द्यायचं नसलं, की ती चहाचं विचारायची. क्लाइव्हच्या हे कधी लक्षात आलं नव्हतं. त्याने आयुष्यभरात चहा मात्र भरपूर प्यायला होता.

आमच्या थॉर्नशॉमध्ये क्लाइव्ह चाळीस वर्षं लोकांच्या खिडक्या पुसतो. त्यामुळे गावातलं प्रत्येक घर त्याला बाहेरून पाठ आहे. कुणाकडे किती इंची टीव्ही, कुणाचा सोफा नवा, कोण सकाळी अकरापर्यंत झोपतं, सगळं. चौदा नंबरच्या केली-अ‍ॅनचं घर म्हणजे तर त्याच्या कपाळावरची आठी. पाच पोरं, नवरा बस चालवतो आणि टीव्ही एवढा मोठा की खिडकी पुसता पुसता अर्ध्या बातम्या ऐकून होतात. ती खिडकी पुसायला त्याला नेहमीच जास्त वेळ लागायचा.

एकोणीसशे पंच्याऐंशी साली गावातली गिरणी बंद पडली तेव्हा क्लाइव्ह चोवीस वर्षांचा होता आणि पदरात तीन लेकरं होती. तेव्हा त्याने एक तीन टप्प्यांची अ‍ॅल्युमिनियमची शिडी घेतली, एक बादली घेतली आणि धंद्याला लागला. ही हकिगत गावात सगळ्यांना माहीत आहे, कारण ती सांगितल्याशिवाय तो पबमधून उठत नाही. "स्वतःच्या हिमतीवर," शेवटी तो म्हणणार आणि ग्लास खाली ठेवणार. त्याच्याकडे ना घर मोठं, ना बँकेत काही. कुणाचं फुकट घेतलं नाही, हीच त्याची इस्टेट. ती अजून तरी शाबूत होती.

त्या दिवशी त्याने अर्ज लिहायला घेतला. 'दुसऱ्यांच्या पोरांचा भार आम्ही का वाहायचा?' अशा मथळ्याखाली दोन आठवड्यांत तीनशे बारा सह्या झाल्या. पबमध्ये झाल्या, हिरवळीवर बोल्सचे चेंडू घरंगळवणाऱ्यांच्या क्लबात झाल्या आणि बऱ्याचशा कामावर झाल्या, कारण न्हाणीघराच्या खिडकीबाहेर शिडीवर उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणणं कठीण जातं. क्लबातला स्टॅन्ली बूथ हा त्याचा जिवलग मित्र. त्याने तर दोनदा सही केली. ग्लेनिसची तेवढी राहिली, तिला चष्मा सापडत नव्हता.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमच्या खासदारबाई चर्चच्या सभागृहात लोकांना भेटतात. दहा ते अकरा. क्लाइव्ह पावणेदहाला कागदांची फाइल घेऊन पोचला. पाऊस भुरभुरत होता. दाराशी रांग दिसली. आता आमच्याकडे रांग दिसली की माणूस तिच्या शेवटी जाऊन उभा राहतो. कशाची रांग, असं विचारायचं नसतं. विचारलं तर आपण घुसायला बघतोय असं लोकांना वाटेल. क्लाइव्हही उभा राहिला.

त्याच्या मागे येऊन उभी राहिली ती नेमकी केली-अ‍ॅन. कडेवर एक, बाबागाडीत एक.

"अगंबाई, क्लाइव्ह! तुम्ही इथे?"

"का? मी येऊ नये?" क्लाइव्हने फाइल छातीशी धरली. "चाळीस वर्षं कर भरतोय."

"तसं नाही हो. यावंच. त्यात लाजायचं काय? मी पण पहिल्यांदा आले तेव्हा अगदी रडकुंडीला आले होते."

ही खासदारबाईंपुढे रडायला कशाला गेली असेल, ते क्लाइव्हला कळेना. पण रांगेत हवामान सोडून फार बोलू नये. "पाऊस काही थांबत नाही," तो म्हणाला. "नाही ना," ती म्हणाली. पुढची चाळीस मिनिटं यावरच निभावली.

आत पोचल्यावर त्याला टेबल दिसलं. टेबलावर बीन्सचे डबे, पास्ता, चहापत्ती आणि लंगोटांचं एक पाकीट. टेबलामागे ऐंशी वर्षांच्या डोरीन पॉमफ्रेट. या पूर्वी गावच्या पोस्टात खिडकीवर असायच्या, आता चर्चतर्फे गरजू घरांना शिधा वाटतात. खासदारबाईंचं दार इमारतीच्या पलीकडच्या बाजूला होतं. तिथे रांगच नव्हती.

क्लाइव्हच्या पायाखालची जमीन सरकली. 'चुकून आलो' एवढे दोनच शब्द बोलायचे होते. पण ते बोलायचे म्हणजे आपण चाळीस मिनिटं कशासाठी उभे आहोत हे आपल्यालाच माहीत नव्हतं, असं चारचौघांत कबूल करायचं. मागे अकरा माणसं उभी. आणि हातात ती फाइल, मथळा वर! त्याने फाइल पटकन कोटात सारली.

"ये बाळा," डोरीनबाई हळूच म्हणाल्या. "घरात किती माणसं?"

"दोन," क्लाइव्ह म्हणाला. कुणी सभ्यपणे विचारलं तर उत्तर द्यावं, असं त्याला आईने शिकवलं होतं.

"नातवंडं?"

"चार. एक तान्हं आहे. पण..."

"मग हे लंगोट घेऊन जा. शेवटचंच पाकीट आहे. संकोच नको हं."

"नाही, म्हणजे, सॉरी, ते..." क्लाइव्ह म्हणाला. "थँक्यू. सॉरी. थँक्यू." आणि पिशवी घेऊन बाहेर पडला. मागे डोरीनबाई केली-अ‍ॅनला सांगत होत्या, "लंगोट संपले गं आजचे." "असू दे," केली-अ‍ॅन म्हणाली, "त्यांना जास्त गरज असेल."

हे वाक्य क्लाइव्हला घरापर्यंत टोचत राहिलं. फाटकापाशी स्टॅन्लीची बायको युनिस कुत्र्याला फिरवत होती. तिने क्लाइव्हकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि मग फार मायेने कुत्र्याकडे पाहिलं.

रविवारी दारात झाकून ठेवलेला मटणाचा रस्सा सापडला. सोमवारी अ‍ॅपल पाय. चिठ्ठी नाही, नाव नाही. कामावर गेला तर मिसेस ग्रिमशॉने दुप्पट पैसे हातात कोंबले आणि सुटे परत घेईनात. पबमध्ये त्याच्या बिअरचे पैसे आधीच कुणीतरी दिलेले. आणि कुणी एका शब्दाने काही बोलेना! कुणी टोमणा मारला असता तर क्लाइव्हने खुलासा केला असता. पण न विचारलेल्या गोष्टीचा खुलासा करायचा कसा? तो नुसता म्हणे, "मी मजेत आहे!" आणि लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "हो रे, हो."

मंगळवारपासून सह्या गळायला लागल्या. पहिला आला स्टॅन्लीच.

"क्लाइव्ह, ते कागद जरा दे बघू. माझं नाव खोडतो. दोन्ही ठिकाणी."

"का? परवापर्यंत तर टेबल बडवत होतास! फुकटे म्हणालास, ऐतखाऊ म्हणालास!"

"अरे, ते दुसऱ्यांबद्दल!" स्टॅन्ली खरंच दुखावला. "तुझ्याबद्दल कशाला म्हणेन? तू आपला माणूस. तुला मिळायलाच पाहिजे."

"मला नकोय!"

"तेच तर. फुकट्याला हवं असतं. तुला नको असताना घ्यावं लागतंय, त्याचंच वाईट वाटतं रे." आणि स्टॅन्लीने नाक शिंकरलं.

शुक्रवारपर्यंत तीनशे अकरा नावांवर काट आली. जो तो येऊन सांगे की माझा विरोध त्या चौदा नंबरवाल्यांसारख्यांना होता. चौदा नंबरच्या शेजारचे आले तेव्हा त्यांनी वीस नंबरचं नाव घेतलं. वीस नंबरचे आधीच येऊन खोडून गेले होते. उरली फक्त क्लाइव्हची सही.

"मी उद्या जातो," शुक्रवारी क्लाइव्ह म्हणाला. "पिशवी जशीच्या तशी परत करतो. सगळ्यांसमोर सांगतो. माझी इज्जत आहे की नाही?"

"त्यातली डब्यातली तांदळाची खीर मी खाल्ली," ग्लेनिस म्हणाली. "डबा नवा आण. आणि क्लाइव्ह, फार मोठ्याने नको सांगूस."

"मोठ्यानेच सांगणार!"

"अजून चहा घेणार?"

शनिवारी क्लाइव्ह सभागृहात शिरला आणि त्याने असं काही केलं की गावात ते अजून बोललं जातं. तो रांगेच्या शेवटी न जाता सरळ पुढे गेला. अख्खी रांग बघत राहिली.

"क्लाइव्ह," पुढे उभी असलेली केली-अ‍ॅन अगदी हळू म्हणाली, "रांग आहे हो." आमच्याकडे याहून कडक शब्द नाहीत.

क्लाइव्हने पिशवी टेबलावर ठेवली. "सगळ्यांनी ऐका! मी मागच्या वेळी चुकून रांगेत उभा राहिलो. हे सगळं परत. खिरीचा डबा नवा आहे. क्लाइव्ह हॅरॉपने तीन मुलं वाढवली, पण सरकारचा एक पेनीही घेतला नाही. कधीच नाही!"

लोक सूचनाफलक वाचू लागले. डोरीनबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"क्लाइव्ह बाळा, मी पोस्टाच्या खिडकीमागे एकतीस वर्षं बसले. दर सोमवारी, नऊ वाजून दहा मिनिटांनी, तुझी ग्लेनिस मुलांच्या भत्त्याचं पुस्तक घेऊन यायची. तीन मुलांचा भत्ता. शिक्का मी याच हाताने मारलाय."

"कसला भत्ता?"

"सरकारकडून सगळ्यांना मिळायचा तो. आईच्या हातात द्यायची पद्धत होती. बापाच्या हाती दिला तर पबमध्ये जाईल म्हणून." एवढं बोलून त्यांनी लंगोटांचं पाकीट पिशवीतून काढलं आणि केली-अ‍ॅनच्या हातात दिलं. "पुढचे कोण?"

क्लाइव्हला बाजूला होणं भाग होतं. केली-अ‍ॅनने पाकीट बाबागाडीखाली ठेवलं. त्याच्याकडे बघून हसावं की नाही, ते तिला समजेना. "सोमवारी खिडक्या पुसायला याल ना?" तिने विचारलं. त्याने मान हलवली. त्याला फार लाज वाटत होती, आणि ती रांग मोडल्याची नव्हती.

घरी ग्लेनिस शब्दकोडं सोडवत बसली होती. चष्मा नाकावर होता.

"दर सोमवारी?" क्लाइव्हने दारातूनच विचारलं.

तिने पेन खाली ठेवलं. "नऊ वाजून दहा मिनिटांनी. त्याआधी गर्दी असायची."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस? मुलांच्या पायात बूट दिसायचे, तू म्हणायचास ग्लेनिस काटकसरी आहे. मलाही ऐकायला बरं वाटायचं."

क्लाइव्ह खुर्चीत बसला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू भीती पसरली. "ग्लेनिस, गिरणी बंद पडली त्या हिवाळ्यात तू कपाटातून बिस्किटांचा डबा काढलास. साठवलेत म्हणालीस. त्यातून मी..."

"शिडी घेतलीस. हो."

खिडकीतून अंगणातली शिडी दिसत होती. दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"खालचा टप्पा जेनेटचा," ग्लेनिस म्हणाली. "मधला नीलचा. दोघांचे मिळून तेवढेच जमले होते. वरचा आला मँडीच्या पैशांतून. मँडी झाली नसती ना क्लाइव्ह, तर तू आयुष्यभर खालच्याच खिडक्या पुसत राहिला असतास."

 क्लाइव्हने कोटातून फाइल काढली, टेबलावरचं शब्दकोड्याचं पेन घेतलं आणि तीनशे बारावं नाव खोडलं. अर्जाचा मथळा ग्लेनिसने आता चष्म्यातून नीट वाचला आणि नवऱ्याकडे पाहिलं. तिला काहीतरी विचारायचं होतं.

क्लाइव्ह घाईघाईने उठला आणि त्याने किटली उचलली.

"चहा घेणार?" तो म्हणाला.