सगळ्यांना नव्वद

सिदोआर्जोच्या एका कोळंबी-पापडाच्या कारखान्यात विक्री, गोदाम आणि ऑफिस अशी तीन खाती होती, आणि तिन्ही खात्यांच्या कॉम्प्युटरवर शिल्लक मालाचे तीन वेगळे आकडे होते. याचा कोणाला काही त्रास नव्हता. खरा आकडा हवा असला की विक्रीतला पार्योतो खिडकीतून डोकं बाहेर काढायचा आणि गोदामाच्या पाक तुकिरानना, म्हणजे तुकिरानकाकांना, ओरडून विचारायचा. पाक तुकिरान मागे वळून बघायचे आणि ओरडून सांगायचे. या पद्धतीला वीज लागत नव्हती आणि तिचा पासवर्ड कोणी विसरत नव्हतं.

मग मालक, पाक सुबियाक्तो, सुराबायाला उद्योजकांच्या जेवणाला गेले. तिथे शेंगदाणेवाल्यापासून सिमेंटवाल्यापर्यंत सगळ्यांनी आपापला डेटा एकत्रित केला होता. एकत्रित करून पुढे काय झालं हे कोणी बोललं नाही, पण सगळे फार समाधानी दिसत होते. मालक परतले ते मान खाली घालून. दुसऱ्याच दिवशी आदेश निघाला. सर्व खात्यांची माहिती एका जागी आणणाऱ्या सॉफ्टवेअरांचा तौलनिक अभ्यास करण्यासाठी समिती नेमण्यात येत आहे. ऑफिसच्या बू रेत्नानिंग, म्हणजे रेत्नानिंगबाई, अध्यक्ष, पाक तुकिरान सदस्य, पार्योतो सचिव. निर्णय एकमताने घ्यावा. तो होईपर्यंत समितीतल्या कोणालाही रजा नाही.

शेवटचं वाक्य पार्योतोने दोनदा वाचलं. रोजे सुरू झाले होते, आणि लेबारानच्या, म्हणजे ईदच्या, तिसऱ्या दिवशी त्याला वोनोगिरीला वुर्यानीच्या घरी मागणी घालायला जायचं होतं. आधी दोनदा ठरून हुकलं होतं. एकदा वडिलांचं ऑपरेशन निघालं, एकदा पूर आला. आता वुर्यानीने फोनवर अगदी शांतपणे सांगितलं, “अहो, तिसऱ्यांदा आईला सांगायला माझ्याकडे कारण उरलेलं नाही. आणि इकडे अजून दोघे विचारून गेलेत. बाबा त्यांनाही ‘बघू’ म्हणालेत.”

पार्योतो कामाला लागला. जेम्बातान, मुआरा आणि सिम्पुल अशी तीन सॉफ्टवेअरं समोर आली, म्हणजे पूल, नदीचं मुख आणि गाठ. तिन्हींचेही विक्रेते नम्र होते, इस्त्रीचे शर्ट घालून आले होते, आणि तिघांनीही समितीसाठी खाऊचे खोके आणले होते. भाताचे लेम्पेर, तळलेले रिसोल, वर एक हिरवी मिरची. रोजे असल्यामुळे खोके उघडायचे नाहीत, संध्याकाळी घरी न्यायचे. आता ज्याच्या खोक्यावर आज रोजा सोडायचा आहे, त्याला दुपारी तीन वाजता कमी गुण कसे द्यायचे?

त्यात गुण द्यायच्या वेळी विक्रेत्याला बाहेर जा म्हणणं बरं दिसेना. तो समोरच बसून राहायचा, हात मांडीवर ठेवून.

जेम्बातानने कारखान्याचा खरा डेटा घेऊन प्रात्यक्षिक दाखवलं, तेव्हा गोदामातलं प्रत्येक खोकं दोनदा मोजलं गेलं. पाक तुकिरान बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “आशावादी आहे.” नव्वद गुण. मुआराने सगळी माहिती घरघर करत आत घेतली आणि परत काही दिली नाही. बू रेत्नानिंगनी नोंद करायला सांगितलं की माहिती सुरक्षित राहते. नव्वद. सिम्पुलने सगळं व्यवस्थित जोडलं, फक्त मलंग शहर गाळलं. दुकानं, दुकानदार, उधारी, सगळं गेलं. विक्रेता घामाघूम झाला.

“मलंगची माणसं तशीही उशिराच ऑर्डर देतात,” बू रेत्नानिंग त्याला धीर देत म्हणाल्या. नव्वद.

विक्रेते गेल्यावर पार्योतोने हळूच सुचवलं की कोणाला तरी एकोणनव्वद दिले तर निकाल लागेल. पाक तुकिरान खिडकीबाहेर बघू लागले.

“कोणाला?” बू रेत्नानिंगनी विचारलं. “त्या मलंगवाल्या पोराला? बायको बाळंत झालीय त्याची. तूच सांग त्याला, तुझ्यात ती हिंमत असेल तर.”

पार्योतोत ती हिंमत नव्हती. प्रकरण मालकांकडे गेलं. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले की कोणालाही न दुखावता सगळ्यांना सामावून घ्या. तीन खाती, तीन सॉफ्टवेअरं, एकेकाला एकेक. समितीने आनंदाने एकमत केलं आणि पार्योतोने त्याच दिवशी रजा टाकली.

रजा आता नव्या व्यवस्थेतून जात होती. प्रत्येक सॉफ्टवेअर तिन्ही खात्यांची माहिती आत ओढत होतं, त्यामुळे पूर्वी तीन आकडे होते, ते आता नऊ झाले होते, आणि पार्योतो मात्र पूर्वी एक होता, तो तीन झाला होता. कारण तिन्ही सॉफ्टवेअरांना नाव आणि आडनाव दोन्ही लागायचं, आणि पार्योतोला आडनाव नव्हतं. त्याच्या बापाला नव्हतं, आजाला नव्हतं, अर्ध्या गावाला नव्हतं. जेम्बातानमध्ये तो पार्योतो पार्योतो झाला. मुआरात त्याने आडनावाच्या जागी टिंब दिलं, तर तो पार्योतो टिंब झाला. सिम्पुलने टिंबही नाकारलं आणि त्याला ‘अनामिक’ ठरवलं.

“तुझ्या विभागात तीन माणसं दिसतात,” बू रेत्नानिंग पडद्यात बघून म्हणाल्या. “सणाला एकालाच सोडता येतं.”

“बू, तो तिसराही मीच आहे. दुसराही.”

“मला माहीत आहे रे. तुला मी ओळखते. पण मशीन ओळखत नाही ना. पार्योतो पार्योतो खुशाल जाऊ दे. पार्योतो टिंब हजर पाहिजे.”

“आणि अनामिक?”

“त्याचं नाव काढू नकोस. नोकरीला लागल्यापासून एक दिवस आला नाही. त्याला मी नोटीस काढलीय.”

तिघांना एक करायचं तर तिन्ही सॉफ्टवेअरांना एकत्रित करणारं चौथं सॉफ्टवेअर लागणार होतं, आणि त्यासाठी चार-पाच चांगल्या कंपन्यांचा तौलनिक अभ्यास. मालकांनी समितीला मुदतवाढ द्यायची तयारीही दाखवली होती. हे ऐकून पार्योतो रडायच्या बेतात आला. शेवटी पाक तुकिराननी मार्ग काढला. पार्योतो टिंबाचा कोट खुर्चीवर अडकवायचा, टेबलावर रोज गरम चहा ठेवायचा, आणि कोणी विचारलं तर आत्ताच नमाजाला गेलाय म्हणून सांगायचं. अनामिकाला नोटीस मिळालेलीच होती, त्यामुळे त्याची गैरहजेरी नियमात बसत होती.

अशा रीतीने एकतृतीयांश पार्योतो अधिकृतपणे आणि उरलेला चोरून वोनोगिरीच्या बसमध्ये चढला.

लेबारानच्या तिसऱ्या दिवशी तो आईवडिलांसकट वुर्यानीच्या अंगणात पोचला. हातात फळांची टोपली, कापड, मिठाई. आत शिरताच त्याचे पाय थबकले. भिंतीशी अगदी तशाच दोन टोपल्या आधीच ठेवलेल्या होत्या. वुर्यानीच्या वडिलांनी सगळ्यांचं हसून स्वागत केलं, तिसरी टोपली त्या दोन्हींच्या शेजारी सरळ रेषेत लावली, आणि घसा खाकरून म्हणाले, “तिन्ही घरं चांगली आहेत. कोणाला वाईट वाटायला नको. बघू.”

पार्योतोला घरघर ऐकू आल्यासारखं वाटलं, मुआराने माहिती आत घेताना व्हायची तशी.

वुर्यानी चहा घेऊन बाहेर आली. तिने आधी भावी सासूला कप दिला, मग वडिलांना.

“बाबा, त्या दोन टोपल्या उद्या परत जातायत. मी सकाळी दोघांकडे फोन करून नाही म्हणून सांगितलं.”

वडिलांच्या हातातला चहा बशीत सांडला. “अशी तोंडावर? त्यांना काय वाटलं असेल?”

“वाईट वाटलं. मग एकाने विचारलं, आमची टोपली परत येईल ना.”

वडिलांनी बशीतला चहा परत कपात ओतला. मग वडील हसले, सुटका झाल्यासारखे, आणि तारखेचं बोलणं निघालं. पार्योतो वुर्यानीकडे बघतच राहिला. सगळ्या समितीला जे जमलं नव्हतं ते हिने स्वयंपाकघरातून फोनवर केलं होतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तिन्ही कंपन्या मेसेजमधून विचारत होत्या, आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात? एक ते पाच तारे द्या. पार्योतोने भराभर उत्तरं दिली. पाच. पाच. पाच.

वुर्यानीने खांद्यावरून वाकून बघितलं. “ज्याने तुमचे तीन तुकडे केले, तेच ना हे?”

“हो.”

“मग पाच?”

“पोरगं चांगलं आहे गं,” पार्योतो म्हणाला. “नुकतंच बाळ झालंय त्याला.”

तुम्ही हसताय. परवा तुमच्या दारात जेवण आलं, आमटी पिशवीत सांडलेली, पोळ्या थंडगार. आणणारा दारातच उभा राहून ‘सर, तेवढं रेटिंग’ म्हणाला. किती दिलेत?