एकशे पस्तीस लबाड

जमिनीवर पडलेल्या सुईवरून मी शिंप्याचं वय सांगू शकतो, असं दादा पहिल्याच भेटीत सांगून टाकायचा. माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही. सुटलीच, तर ती मी मुद्दाम सोडलेली असते.

हे ऐकून ऐकून दाजींचे कान किटले होते. दाजी दादाच्या धाकट्या बहिणीचे नवरे, पेशाने घड्याळजी आणि दादाच्या गुप्तहेर कचेरीचे बिनपगारी सहायक. कचेरी म्हणजे घराची पुढची खोली. तिचं दार आपोआप मिटायचं, म्हणून त्याला एक लोखंडी डंबेल टेकवलेलं असे. दादाला मागे व्यायामाचा झटका आला होता, त्याची तेवढीच खूण उरली होती.

त्या दुपारी दादाची शेंडेफळ बहीण बेबी रडकुंडीला आली होती. मुष्टियुद्धाच्या सभागृहात निवेदिकेची जागा निघाली होती आणि चार वाजता आवाजाची चाचणी होती. माईकसाठी ती शाळेपासून झुरत होती. हातातल्या इंग्रजी कागदावर खेळाडूच्या नावापुढे वजन: १३५, मग एल आणि बी. शेजारी उंची: ५ एफटी, ९ इन.

"हे मोठ्याने वाचायचं कसं, दाजींनाही ठाऊक नाही!"

"फोनमध्ये बघू या," दाजी म्हणाले.

"फोनमध्ये बघणं म्हणजे चोरालाच पत्ता विचारणं!" दादाने दोघांचे फोन खणात टाकून कुलूप लावलं आणि किल्ली अशा गुप्त जागी ठेवली, की ती पुढे त्यालाही सापडली नाही.

मग तर्कांना ऊत आला. एल. बी. हे वजन करणाऱ्याचं नाव असणार. उंचीच्या रकान्यात टोळीचा हिशोब: पाच जण फरार, नऊ आत.

"ते फूट आणि इंच असेल हो."

"सोपं उत्तर हा गुन्हेगाराचा पहिला सापळा असतो, दाजी!" दादा तावातावाने दाराकडे निघाला आणि डंबेलला ठेचकाळला. "आई गं! कोण ठेवतं हे?"

"तूच," आई आतून म्हणाली.

दादा लंगडत वाण्याकडे जाऊन आला. वाण्याच्या पाटीवर 'कि.ग्रॅ.' होतं, पण वाणी 'किलो' म्हणत होता. "लिहितो एक, बोलतो भलतंच! म्हणजे सामील!" असं म्हणत आत शिरताना त्याच डंबेलवर त्याचा दुसरा अंगठा ठेचला. त्या कळेतच त्याला शेवटचा साक्षात्कार झाला.

"लब! अर्धवट लिहिलंय. पूर्ण शब्द लबाड. वाच बेबी, एकशे पस्तीस लबाड!"

बेबीने खरंच वाचून पाहिलं. आवाज सुरेख लागला, पण डोळ्यांत पाणी आलं. "दादा, हसतील रे मला."

दादा खाली बसून अंगठा चोळू लागला.

आई हळद घेऊन आली. "रोज त्या दहा पाउंडाच्या धोंड्याला धडकतोस आणि मुंग्या मोजतोस म्हणे."

"आई, दहा पाउंड कशावरून?" बेबीने विचारलं.

"मी कशाला मोजायला जाऊ? आणलं तेव्हा हाच महिनाभर कोकलत होता ना, 'आई, दहा पाउंड उचलले!'"

दाजींनी गुडघ्यावर बसून डंबेलची भिंतीकडची बाजू पुढे फिरवली आणि रुमालाने धूळ पुसली. लोखंडात ठसठशीत आकडा होता, दहा. त्यापुढे एल आणि बी.

"वाण्यासारखंच," दाजी म्हणाले. "लिहायचं एल-बी, बोलायचं पाउंड."

बेबी चपला घालून पळालीच.

सहा वाजता ती नोकरी घेऊन परतली. "बाकीच्या सगळ्या मुली एल-बी, एल-बी करत होत्या. साहेबांनी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? मी सांगितलं, आमच्या घरात गुप्तहेर आहे."

दादाचा ऊर भरून आला. "गुन्हेगार घरातलाच निघाला," तो गंभीरपणे म्हणाला. "पुरावा मी कपाटात जप्त केलाय." आणि तो ऐटीत दाराच्या चौकटीला हात टेकून उभा राहिला.

"अरे, मग दाराला काय लावलंस?" आईने विचारलं.

उत्तर दाराने दिलं. दादाची किंकाळी निदान दोनशे पाउंडांची तरी होती.