मानेवरची चामखीळ कुणाची?

सांगलीतल्या आमच्या सोसायटीत चामखीळ आपली आपणच काढली, की ती शेजाऱ्याच्या मानेवर जाऊन बसते. डॉक्टरकडून काढून घेतली तर प्रश्नच नाही. घरच्या माणसाने उकळत्या पाण्यातून काढलेला दोरा बांधला, तरी ती नुसती गळून पडते. पण आरशात बघून, आपल्याच हाताने, गुपचूप काढली की निघालीच शेजारी. त्यामुळे आमच्याकडे बंद गळ्याच्या माणसाकडे लोक जरा निरखूनच बघतात.

त्या दिवशी दाढी करताना मला माझ्या मानेवर एक दिसली. गव्हाएवढी, मऊ. आदल्या दिवशी नव्हती. मी तसाच गॅलरीत गेलो. आमची आणि मगदुमांची गॅलरी एकच आहे. संध्याकाळचा चहा एकत्र व्हावा म्हणून मधली भिंत आम्हीच हौसेने पाडली होती. मगदूम झाडांना पाणी घालत होते. गळ्याला मफलर. भर वैशाखात!

"घसा धरलाय ओ," ते म्हणाले.

"धरणारच," मी म्हणालो.

आत येऊन बायकोला सांगितलं, "रजनी, ह्या माणसाला आपण घरचा समजत होतो. आज ती भिंत परत घालून घेणार."

"अहो, सोडून द्या ना. एवढीशी तर आहे," ती म्हणाली. ती दहीभात खात होती. पोट बरं नाही म्हणाली.

मी सोडणार नव्हतो. सेक्रेटरी आवटींकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसून चामखीळ पाहिली आणि मिरचीची चाचणी ठरवली. मूळ मालकाने तिखट खाल्लं की चामखीळ खाजते, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे.

संध्याकाळी आवटी आणि मगदूम आमच्या घरी आले. भिंतीसाठी मी बोलावलेला गवंडी जिन्यात विटांपाशी बसून होता. मगदुमांनी कुणी न सांगताच मफलर काढला. नुसता बामाचा वास आला. रजनीने ठेच्याची वाटी पुढे ठेवली. मगदुमांनी बोटभर खाल्ला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी मान शांत.

"आणखी घ्या," मी म्हणालो.

बिचाऱ्यांनी घेतला. "तिखट हाय, पण मीठ न्हाई ओ ह्यात," ते म्हणाले.

रजनीच्या हातचा ठेचा अळणी? ती चव बघितल्याशिवाय आमटीसुद्धा उतरवत नाही. आवटींनी वाटी सावकाश तिच्याकडे सरकवली.

"वहिनी, बघा जरा."

ती वाटीकडे बघत राहिली. मग करंगळीवर घेऊन चाटला. माझी मान अशी खाजायला लागली, की मला हात पाठीमागे धरून ठेवावे लागले.

"हे नियमात बसत नाही," आवटी म्हणाले. "चामखीळ शेजारी जाते. घरातल्या घरात कधी गेलेली नाही."

गवंडी दारात येऊन विचारत होता, "सायब, भिंत कुठं घालायची?" मगदुमांनी त्याला खांद्याला धरून खाली नेलं. आवटीही गेले.

"मला सांगायचं होतंस," मी म्हणालो. "मी बांधला असता दोरा."

"हाक मारली होती. तुम्ही म्हणालात, नंतर."

मला आठवेना. खरं सांगतो, फार वाईट वाटलं. मी खुर्चीत बसलो आणि मान पुढे केली. "आता तू बांध. घरच्या माणसाने बांधली की कुठे जात नाही."

तिने पाणी उकळलं, दोरा त्यातून काढला, गाठ मारली. तिची बोटं मानेला लागली. गार होती.

सकाळी चामखीळ गेली होती. मी उशी झटकली, चादर झटकली. गळून पडलेली कुठे सापडली नाही. गॅलरीत जाऊन मगदुमांची मान बघितली. त्यांनी न रागावता दाखवली. साफ होती.

स्वयंपाकघरात आलो. रजनी चहा गाळत होती. पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेला.

"घसा धरलाय," ती म्हणाली.

मी पाणी उकळायला ठेवलं, आणि दोऱ्याचं रीळ घेऊन तिच्या मागे जाऊन उभा राहिलो.