दगडूअण्णांची घंटी

आमच्या ताडकळसात टीव्ही बऱ्याच जणांनी घेतले, पण टीव्हीला घंटी बांधणारा माणूस एकच, आमचे शेजारी दगडूअण्णा. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. जन्मभर ओढलेली दोरी हातातून सुटेना, म्हणून ओसरीच्या आढ्याला त्यांनी दोरी बांधली आणि दोरीला पितळी घंटी. दोन टोले पडले की टीव्ही चालू. एक टोला पडला की टीव्ही बंद, आणि कुणीतरी पायऱ्या उतरून गल्लीत जायचं.

गुन्हा एकच होता. पडद्यावरच्या माणसाला नावं ठेवणं.

"उतरा!" अण्णा गरजायचे. "माझ्या गाडीत कुणाची इज्जत काढायची न्हाई."

"अवो अण्णा, ती बाई तिकडं दिल्लीत हाय. तिला काय ऐकू यायलंय?"

"मला यायलंय ना? उतरा."

मी शाळेत चौथीला शिकवते. माझी जीभ काही गोड नाही, हे गल्लीला ठाऊक आहे. पण अण्णांचा खाक्या पाहिला की मलासुद्धा वाटायचं, आपण उगाच स्वतःला भांडखोर समजतो.

विद्यापीठाच्या नामांतराच्या भांडणाचे दिवस होते. कोण कुणाच्या ओट्यावर बसतो यावर गावाचे डोळे असायचे. अण्णांच्या ओसरीवर सतरंजी मात्र एकच. बौद्धवाड्यातल्या बाया आणि पाटलांच्या सुना गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या. कुणी जरा अंग चोरलं की मागून आवाज, "फुडं सरका, मधी जागा हाय!" वर पुन्हा भाषण. "इतकी वर्षं तिकिटं फाडली. कधी इचारलं का कुणाला, तू कोण, कुणासंगं ऱ्हातो? चढला, तिकीट घेतलं, बसला. इषय संपला!"

त्या वर्षी एक मालिका लागायची. तिच्यात नवऱ्याला सोडून एकटी राहणारी एक बाई होती. केस कापलेले, बोटांत सिगारेट. तिच्या वरच्या खोलीत नाचणारा एक गडी राहायचा, डोळ्यांत काजळ, हातात बांगड्या. आता हे पाहून आमचे किराणा दुकानदार किसनराव गप्प बसतील? शक्यच नाही.

"शी! शी! काय ध्यान हाय! असलं आपल्या गल्लीत असतं ना, तर..."

टण्! टीव्ही बंद. गोष्ट नेमकी रंगात आलेली असायची, त्यामुळं अख्खी ओसरी किसनरावांवर तुटून पडायची. आठवड्यातून एकदा तरी ते उतरायचेच.

उतरलेल्या माणसाला परत चढायचं तर नवं तिकीट लागे. म्हणजे बंद टीव्हीपुढं हात जोडून म्हणायचं, "बसा बाई. तुमी बी बसा." मग अण्णा जुन्या कॅलेंडरचा एक कपटा घेऊन त्याला आपल्या तिकिटं टोचायच्या चिमट्यानं भोक पाडून देत. काळ्या काचेत स्वतःचंच टक्कल दिसतंय आणि किसनराव त्याला "बसा बाई" म्हणतायत, हे बघायला मी चुलीवरची भाजी सोडून धावत यायचे. मालिका बाजूला राहू द्या हो, खरी मजा तीच.

हळूहळू फरक पडला. बाया तोंडाला पदर लावत, पण शी म्हणत नसत. एकदा त्या सिगारेटवाल्या बाईला ताप आला, तर किसनरावांच्याच बायकोनं डोळे पुसले. म्हणाली, "एकटी हाय बिचारी. कुणी च्या तरी करून द्या की तिला."

एवढी गर्दी, पण खांबाजवळची एक जागा अण्णा कुणाला द्यायचे नाहीत. मी एकदा खडसावूनच विचारलं, "अण्णा, ही जागा कुणाची? आणि हे घंटीचं खूळ कशापायी?"

अण्णा बराच वेळ दोरीला गाठ मारत आणि सोडत बसले. मग म्हणाले, "मास्तरीणबाई, आमचा धाकला पोरगा चंदू आठवतो का?"

आठवत होता. आईची साडी नेसून आरशापुढं बसायचा. गल्लीनं त्याला दगड मारून हाकललं, त्या दिवशी अण्णा मानवतच्या गाडीवर ड्युटीला होते. घरी आले तर पोरगं गायब.

"आता चंदा म्हणती सोताला. लांब ऱ्हाती. यायचं म्हणती, पर या गल्लीला लय भेती. म्हणून हा टीव्हीचा डबा घेतला मी. लोकाला सवय लावायलोय. या ऐतवारी येणार हाय ती."

मला रागच आला, खोटं का बोलू? स्वतःच्या घरी यायला माणसानं गल्लीची परवानगी काढायची?

रविवारी संध्याकाळी ओसरी गच्च भरली, आणि लाईट गेली. अण्णांचा चेहरा पांढराफटक. टीव्ही बंद करीन, या एका धाकावर तर त्यांनी गल्ली धरून ठेवली होती. आता बंद काय करणार? कंदील लावला, तेवढ्यात चंदा आली. हिरवी साडी, ठसठशीत कुंकू, रुंद खांदे, हातात पिशवी. पायरीशी थबकली.

किसनराव बोललेच. "अण्णा, टीव्हीत ठीक हाय. पर हे आपल्या गल्लीत? शी!"

दोरी अण्णांच्या हातातच होती. पडद्यावरच्या परक्या माणसांसाठी इतके दिवस गल्लीशी भांडलेला माणूस, पण त्याचा हात हलेना.

मी उठले, दोरी हिसकावली आणि एक सणसणीत टोला हाणला. "किसनराव, उतरा!"

"लाईट कुठाय बाई? टीव्ही बंदच हाय की."

"गाडी चालू आहे. उतरा!"

किसनराव बसूनच राहिले. मग किसनरावांची बायकोच खेकसली, "उतरा की वो! कितींदा सांगायचं तुमाला?" आणि सतरंजीवरून चारी बाजूंनी सुरू झालं, उतरा, उतरा! किसनराव अंधारात चपला चाचपत खाली गेले. चंदा वर आली आणि खांबाजवळच्या जागेवर मांडी घालून बसली. अण्णांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "जेवलीस का?" एवढंच विचारलं आणि उपरण्यानं डोळे पुसले.

लाईट काही आली नाही, तरी घरी कुणी गेलं नाही. किसनरावही गल्लीतच उभे. जाणार कुठं, घराची किल्ली बायकोच्या कमरेला.

"अण्णा," शेवटी खालून आवाज आला, "चढू का?"

"तिकीट?" अण्णांचा कंडक्टरी आवाज परत आला होता.

कंदिलाच्या उजेडात किसनरावांचे जोडलेले हात दिसले. समोर काच नव्हती, चंदा होती.

"बसा बाई," ते म्हणाले. "तुमी बी बसा."

"मी बसलेलीच हाय," चंदा म्हणाली. "घर माझंच हाय. तुमी चढा."

अण्णांनी दोन टोले दिले.