सूक्ष्मदर्शकांच्या पूजेची आणि शर्वरी बेलसरे हिच्या प्रवेशाची हकीकत

॥ श्री ॥ विद्येची देवता प्रसन्न असो, आणि या प्रांतात जे तिच्या नावावर चालले आहे ते पाहून ती प्रसन्न नसेल, तर निदान तिचा राग योग्य माणसावर पडो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सर, ज्येष्ठ मास, बारावीचे निकाल लागून प्रवेशाची धामधूम सुरू जाहली तेव्हाचे वर्तमान लिहितो. लिहिणाराचे नाव विचारू नये. लिहितो आहे ते संतापाने, इतके ध्यानी ठेवून पुढे वाचावे.

एक राज्य होते. राज्य म्हणावे तर एका इमारतीचे. खाली मंगल कार्यालय, वर दोन मजले महाविद्यालय, आणि दरवाजावर कमान, कमानीवर अक्षरे सोन्याची की 'जीवविज्ञान व जैवतंत्रज्ञान महाविद्यालय'. या राज्याचे धनी श्रीमंत बापूसाहेब. त्यांनी आधी लग्ने लावण्याचा उद्योग केला, मग ध्यानी आले की लग्नसराई चार महिने आणि शिक्षण बारमास, मग वरचे मजले चढविले आणि विद्यादान मांडिले. राज्यात रिवाज ऐसा होता की प्राध्यापक म्हणून जे सरदार नेमिले त्यांनी वर्षभर शिकवावे आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात गावोगाव फिरून मुले जमवून आणावीत. ज्याच्या वाट्याची मुले भरली नाहीत त्याची चाकरी सरली ऐसे समजावे. शिकविण्यात कसूर जाहली तर कोणी विचारीत नसे. पण मुलांची भरती कमी पडली की श्रीमंत स्वतः बोलावून घेत आणि भर सभेत पाणउतारा करीत. ज्यांनी पदव्या मिळवावयास रक्त आटविले ती माणसे पत्रके काखोटीस मारून दारोदार फिरत, आणि लोक त्यांस विमा विकणारे समजून पंखादेखील लावीत नसत.

त्या सरदारांत वैदेही कुंभोजकर नावाची एक तरुण प्राध्यापिका होती. सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी मोठी, बोलणे मऊ, घरी आजारी वडील आणि कमावती ती एकटीच. ती फिरत फिरत रमाकांतराव बेलसरे यांचे घरी आली. रमाकांतराव एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक, दिवसभर कोणती गाडी कोणत्या फलाटास लागेल ते सांगत असत, आणि त्यांची कन्या शर्वरी बारावी विज्ञान चांगल्या गुणांनी उतरली होती. मुलीच्या मनात एकच गोष्ट घर करून होती की एकदा आपल्या डोळ्यांनी जिवंत पेशी पाहावी. कारण सांगावयास लाज वाटते, पण सांगतो. बारावीत प्रात्यक्षिकाचे गुण तिच्या पदरी पैकीच्या पैकी पडले होते आणि सूक्ष्मदर्शकातून तिने आजवर काहीही पाहिले नव्हते. आकृत्या फळ्यावरून उतरवून घेतल्या, शिक्के मारून घेतले, आणि प्रात्यक्षिक जाहले. कांद्याच्या पापुद्र्याची पेशी तिने इतके वेळा काढिली होती की झोपेत काढील, परंतु ती दिसते कैसी हे तीस ठाऊक नव्हते.

मग वैदेहीबाई बोलिल्या की आमचे येथे प्रयोगशाळा सुसज्ज, सूक्ष्मदर्शक आहेत, गावातल्या गावात राहणे, आणि पदवीस नाव जैवतंत्रज्ञान. हे शेवटचे नाव ऐकून रमाकांतराव विरघळले. दुसरीकडे जिल्ह्याच्या ठिकाणी जुने अनुदानित महाविद्यालय होते, तेथेही मुलीचे नाव यादीत लागले होते, पण विषय साधा वनस्पतिशास्त्र, आणि राहावयास वसतिगृह. रमाकांतरावांनी आगारात, सासुरवाडीस आणि रोजच्या चहावाल्यास आधीच सांगून टाकिले की आमची शर्वरी जैवतंत्रज्ञान करणार. शर्वरी इतकेच म्हणाली की आधी जागा पाहू, मग ठरवू. आणि प्रवेश पक्का करण्याचा शेवटचा दिवस दोन्हीकडचा एकच होता. येथे हो म्हटले की तेथली जागा गेली, आणि येथे चुकले तर आयुष्याची तीन वर्षे चुकली, ऐसा तो पेच होता.

त्या दिवशी सकाळी बापलेक राज्यात दाखल जाहले. खाली मंगल कार्यालयात पालकांचा दरबार भरला होता. खुर्च्यांस लग्नाचे पांढरे झगे तैसेच, व्यासपीठावर वधूवरांचे सिंहासन तैसेच, त्यावर श्रीमंत बसले होते, आणि कोकम सरबत फिरत होते. श्रीमंतांनी भाषण केले, आणि भाषणात परदेश आला, संशोधन आले, लस आली, जनुके आली, आणि श्रीमंतांस त्यातले एकही ठाऊक नव्हते हे आम्ही शपथेवर सांगतो. पालक टाळ्या वाजवीत होते. त्यांची चूक म्हणवत नाही. ज्यास आपल्या लेकरास मोठे करावयाचे आहे तो माणूस मोठ्या शब्दास भुलतो, आणि हे जाणून जो मोठे शब्द विकतो त्यास काय म्हणावे ते वाचणाराने आपल्या मनात म्हणावे.

मग मंडळी वर प्रयोगशाळा पाहावयास निघाली. श्रीमंत पुढे, वैदेहीबाई मागे, आणि मध्ये बेलसरे बापलेक आणि आणखी थोडे पालक. प्रयोगशाळा चकचकीत होती. फरशी पुसलेली, भिंतीवर शास्त्रज्ञांच्या तसबिरी, आणि काचेच्या कपाटात सूक्ष्मदर्शक ओळीने मांडलेले, जैसे देव्हाऱ्यात देव. कपाटास कुलूप, आणि किल्ली श्रीमंतांच्या कमरेस. शर्वरी कपाटापाशी जाऊन उभी राहिली आणि तिने विचारिले की यातून पाहू का. श्रीमंत म्हणाले की प्रवेश घेतल्यावर हवे तितके पाहावे. रमाकांतरावांनी मुलीस डोळ्यांनी दटाविले. पण मुलगी जागची हलेना, आणि बाकीचे पालकही थांबले, आणि चारचौघांत नाही म्हणणे बरे दिसेना, म्हणून श्रीमंतांनी मोठ्या उदार मनाने कुलूप काढिले आणि एक सूक्ष्मदर्शक मेजावर ठेविला.

शर्वरीने बाहीने हात पुसले. मग वाकली. डोळा लाविला. बराच वेळ तशीच राहिली, आणि मग सरळ होऊन म्हणाली,

"बाबा, काहीच दिसत नाहीये. नुसतं लाल दिसतंय."

आणि तिच्या डोळ्याभोवती लाल कडे उमटले होते. रमाकांतरावांनी बोट लावून पाहिले तो कुंकू. मग सगळ्यांनी कपाटाकडे पाहिले, आणि तेव्हा ध्यानी आले की प्रत्येक सूक्ष्मदर्शकाच्या माथ्यावर, बरोबर जेथून पाहावयाचे त्या काचेवर, हळदकुंकू वाळून बसले आहे, आणि खाली खाचेत झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या अडकल्या आहेत. वर्तमान ऐसे जे, खंडेनवमीस श्रीमंतांनी स्वहस्ते यंत्रांची पूजा केली होती, आणि यंत्राचे कपाळ कोणते ते न कळल्याने काचेसच टिळे लाविले, आणि कपाट बंद केले. पूजा करावी, आमचे काही म्हणणे नाही. आमच्याही घरी वरवंट्यास, कात्रीस, सायकलीस फूल वाहतात. पण दुसरे दिवशी कात्री कापड कापावयास लागते आणि सायकल बाजारात जाते. येथे आश्विनापासून ज्येष्ठापर्यंत त्या काचेस कोणाचा डोळा लागला नव्हता. मधल्या काळात विद्यापीठाची परीक्षा होऊन गेली, बाहेरचे परीक्षक पुरणपोळी जेवून गेले, प्रात्यक्षिकाचे गुण पडले, मुले उत्तीर्ण जाहली, आणि कुंकू जागचे हलले नाही. ज्या आईबापांनी मुलास शास्त्रज्ञ व्हावयास धाडिले त्यांच्या तोंडास यांनी वर्षभर पाने पुसली आणि वर सरबत पाजले.

श्रीमंत गडबडले नाहीत. ऐसी माणसे गडबडत नाहीत. ते म्हणाले की आम्ही यंत्राचे पावित्र्य राखतो, मुलांच्या हाती दिले की बिघडते, आणि हल्ली सारे पडद्यावर दाखवितात. रमाकांतराव यावर मान डोलवू लागले होते. आगारात, सासुरवाडीस आणि चहावाल्यास सांगून बसले होते ना! ही त्यांची चूक आम्ही झाकणार नाही. तेव्हा शर्वरी वैदेहीबाईंकडे वळली. बाई खिडकीशी उभ्या होत्या आणि खाली पाहत होत्या. मुलीने शांतपणे विचारिले,

"मॅडम, इथं आल्यापासून तुम्ही यातून कुणाला काही दाखवलंय का?"

आता या जागी काय होते ते समजून घ्यावे. बाईंच्या वाट्याची मुले भरावयास ही एक मुलगी कमी होती. हो म्हटले तर चाकरी राहते, वडिलांचे औषध चालते. नाही म्हटले तर दोन्ही गेले. श्रीमंत त्यांच्याकडेच पाहत होते, आणि त्या पाहण्यात धमकी होती, ती न कळण्याइतके तेथे कोणी लहान नव्हते. बाईंनी पदर नीट केला आणि म्हणाल्या,

"नाही. मी तीनदा किल्ली मागितली, मिळाली नाही. शर्वरी, तू इथं प्रवेश घेऊ नकोस. तुझ्या घरी येऊन मी जे बोलले ते खोटं होतं."

श्रीमंतांनी तेथल्या तेथे फर्मान काढिले की बाईंनी उद्यापासून येण्याची तसदी घेऊ नये. आवाज चढविला नाही. कपाटास कुलूप घातले, किल्ली कमरेस अडकविली, आणि पुढल्या दालनाकडे वळले, जैसे काही घडलेच नाही. सोबतचे पालक एकमेकांकडे पाहत, कोणी घसा खाकरीत, त्यांच्या मागे गेले. आम्हांस सर्वांत अधिक संताप आला तो या ठिकाणी. डोळ्यांदेखत पाहिले, कानांनी ऐकिले, आणि तरी गेले.

रमाकांतरावांनी मुलीचा हात धरिला आणि जिना उतरले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण मनाने ते आता मुलीच्या बाजूस आले होते. दारात ते बोलिले की आपण वाचलो, आता मुकाट निघू, फोन करून जिल्ह्याची जागा पक्की करू, लोकांचे लोक पाहतील. शर्वरीने हात सोडवून घेतला. मग ती तशीच, डोळ्याभोवतीचे कुंकू न पुसता, मंगल कार्यालयात शिरली आणि व्यासपीठावर चढली, आणि जेथे लग्नात आहेराची नावे पुकारतात त्या ध्वनिक्षेपकासमोर उभी राहून म्हणाली,

"पैसे भरायच्या आधी वर जा आणि कपाटातल्या सूक्ष्मदर्शकातून एकदा स्वतः बघा. कुलूप काढत नसतील तर का काढत नाहीत ते विचारा. मला एवढंच सांगायचं होतं."

तोच कारभाऱ्यांनी ध्वनिक्षेपक बंद केला. सभेत कुजबुज जाहली. एक बाई पिशवी सावरीत उठली आणि जिन्याकडे गेली, तिच्यामागे तिचा मुलगा गेला, मग आणखी दोन घरची माणसे उठली. बाकीचे बसून राहिले, आणि सरबत पुन्हा फिरले. रमाकांतराव दारात उभे राहून हे पाहत होते. मुलगी खाली उतरून आली तेव्हा त्यांनी खिशातून रुमाल काढून तिच्यापुढे धरिला.

येणेप्रमाणे हकीकत. सारांश इतकाच की शर्वरी जिल्ह्याच्या जुन्या महाविद्यालयात गेली, आणि तेथील ओरखडे पडलेल्या सूक्ष्मदर्शकातून पहिल्याच प्रात्यक्षिकास तिने कांद्याची पेशी पाहिली आणि घरी फोन करून रडली. श्रीमंतांचे राज्य बुडाले नाही, ऐसी राज्ये बुडत नाहीत. त्यांनी बोभाटा होईल म्हणून त्याच संध्याकाळी माणसे लावून सर्व काचा पुसून लख्ख केल्या, आणि दुसरे दिवसापासून उरल्या जागांसाठी येईल त्या पालकास कपाट उघडून दाखवू लागले. काचा स्वच्छ जाहल्या. त्यांतून काय पाहावे हे मुलांस शिकवील ऐसी त्या राज्यात एकच बाई होती, आणि तीस त्यांनी आदले दिवशी काढून टाकिले होते.