हाक मारणारे मासे

रेडिओवाल्या बाईंनी एबो आर्काला तसा काही अवघड प्रश्न विचारला नव्हता. "सर, सध्या तुम्ही काय बघताय?" एवढंच. खरं उत्तर एका वाक्याचं होतं. एबो रोज संध्याकाळी साडेसहाला बायकोशेजारी बसून सासू-सुनांची एक भारतीय मालिका बघायचा, तीही तिथल्या ट्वी भाषेत आणलेली, आणि गेल्या गुरुवारी धाकट्या सुनेला घराबाहेर काढलं तेव्हा त्याला जेवण गेलं नव्हतं. पण हे सगळ्या टाकोराडी शहरभर ऐकू जाणार होतं. ज्याच्या अकरा भयकादंबऱ्या वाचून लोकांनी दिवेलागणीनंतर अंगणात जायचं सोडलं होतं, त्याने हे कोणत्या तोंडाने सांगायचं? भुतांचे सिनेमे तर त्याने कधी बघितलेच नव्हते. त्याला भीती वाटायची.

"एक नॉर्वेचा सिनेमा बघितला," तो म्हणाला. "'हाक मारणारे मासे'."

नॉर्वे आठवायचं कारण साधं होतं. घरी तो आपले कागद गोठवलेल्या बांगडा माशांच्या रिकाम्या खोक्यात ठेवायचा आणि खोक्यावर 'नॉर्वे' छापलेलं होतं. बाईंनी गोष्ट विचारली. आयत्या वेळी दुसरं काही सुचेना, म्हणून त्याने स्वतःची अर्धवट राहिलेली नवी कादंबरीच सांगून टाकली. धुरावर मासे सुकवणारी एक विधवा असते, तिच्या टोपलीतला मासा गिऱ्हाइकाला नावाने हाक मारतो आणि जो ओ देतो तो सरळ समुद्रात चालत जातो. दिग्दर्शक कोण, असं विचारल्यावर त्याने एक कडक नाव बनवलं: हाल्वोर स्त्राँड.

घरी त्याची बायको आराबा वाटच बघत होती. "हा सिनेमा तू कधी बघितलास? मी कुठे होते?"

लोक उद्यापर्यंत विसरतील, असं त्याने तिला सांगितलं.

लोक विसरले नाहीत. शनिवारी मार्केट सर्कलच्या बाजारात क्वामेनाने त्याला गाठलं. हा क्वामेना पेन ड्राइव्हमध्ये सिनेमे भरून विकायचा. "बॉस, आधी कळवायचं ना. चाळीस माणसं मागून गेली आणि माझ्याकडे माल नाही," तो कुरकुरला. तो सिनेमा फार दुर्मीळ आहे, कुठे मिळायचा नाही, असं एबोने त्याला सांगितलं. सांगायला नको होतं. क्वामेनाने दोन दिवस इंटरनेट पालथं घातलं, नॉर्वेतल्या मासेमारीवरचा दोन तासांचा एक माहितीपट शोधला, त्याला एबोने सांगितलेलं नाव चिकटवलं आणि विक्री सुरू केली.

त्यात एक म्हातारा मासे पकडतो, दांडीवर वाळत घालतो आणि शेवटी बराच वेळ आपल्याकडे बघत उभा राहतो. तो काय बोलतो ते कुणाला कळत नव्हतं. पण आता मासा हाक मारणार, मग मारणार, म्हणून टाकोराडीची माणसं जीव मुठीत धरून बसली. दोन तासांत एकही मासा बोलला नाही, आणि त्यानेच सगळे जास्त घाबरले. न्हाव्याच्या मते म्हातारा सुरुवातीपासून मेलेलाच होता. चर्चमध्ये गाणाऱ्या एका बाईंनी तर मासा स्पष्ट 'ग्रेस' म्हणाल्याचं ऐकलं होतं. त्यांचं नाव ग्रेस होतं. बाजारात सुक्या मासळीजवळ कुणी हाक मारली तर लोक ओ देईनासे झाले, आणि त्यावरून रोज दोन-तीन भांडणं होऊ लागली. आराबाची बहीण मासेच विकायची. तिने एबोशी बोलणं टाकलं.

एबोने दार लावून घेतलं, कादंबरी पुरी केली आणि आक्राला आपल्या प्रकाशकांकडे, लाम्प्टे साहेबांकडे धाडून दिली. आठवड्याने साहेबांचा फोन आला. आवाज जड होता.

"आर्का, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. ही त्या नॉर्वेच्या सिनेमाची उघड चोरी आहे. विधवा, टोपली, हाक, सगळं उचललंय तुम्ही."

एबोने खरं काय ते सांगून टाकायचं ठरवलं. असा सिनेमाच नाही, साहेब, तो मी रेडिओवर बसल्या बसल्या रचला, असं तो म्हणाला.

"मी स्वतः बघितलाय," साहेब दुखावल्या स्वरात म्हणाले. "बायकोला घेऊन बघितलाय. घरात मासे आणणं बंद आहे."

शिवाय त्या म्हाताऱ्याला का गाळलं, म्हणूनही ते नाराज होते. सगळी जान म्हाताऱ्यातच होती, असं त्यांचं म्हणणं पडलं. म्हातारा घाला आणि दिग्दर्शकाची लेखी परवानगी आणा, तरच छापतो, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

एबो डोकं धरून बसला. स्वतःच्याच गोष्टीसाठी परवानगी मागायची वेळ आली होती.

"मग देऊन टाक ना," आराबा म्हणाली. "तू काय नाही म्हणणार आहेस?"

त्याने हाल्वोर स्त्राँडच्या नावाने ई-मेलचा पत्ता काढला आणि परवानगीचं पत्र लिहायला घेतलं. लिहिताना हात असा मोकळा सुटला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. स्त्राँडला कुणी कधी 'प्रकरण लांबलंय' म्हणून सुनावलं नव्हतं. थंडी, काळं पाणी, आजीची वाळत घातलेली हाडं, अशी दोन पानं झाल्यावर शेवटी त्याने परवानगी दिली आणि श्री. आर्का हे आफ्रिकेतले थोर लेखक आहेत, हेही जाता जाता लिहिलं.

"'थोर' काढ, 'बरे' लिही," आराबा मागून वाचत म्हणाली. "संशय येईल."

म्हातारा घालून पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर एबोच्या नावाच्या दुप्पट अक्षरांत 'नॉर्वेच्या गाजलेल्या सिनेमावरून' असं छापलं होतं. खप उत्तम झाला. वाचकांचा अभिप्राय मात्र एकच आला: पुस्तक ठीक आहे, पण त्याला सिनेमाची सर नाही.

मग एका सकाळी स्त्राँडच्या पत्त्यावर लाम्प्टे साहेबांचं पत्र येऊन पडलं. हे आर्कांना कळू देऊ नये, अशी पहिल्याच ओळीत विनंती होती. तुमचं परवानगीपत्र मी सात वेळा वाचलं, साहेब लिहीत होते. त्या दोन पानांत जी भीती आहे, ती आर्कांना बारा पुस्तकांत जमली नाही. माणूस कष्टाळू आहे, एवढंच. तेव्हा यापुढे आपणच आमच्यासाठी कादंबऱ्या लिहाव्यात. मानधन आर्कांना देतो त्याच्या तिप्पट.

एबो उठून पाणी प्यायला आणि त्याने पत्र पुन्हा वाचलं. तिपटीचं त्याला काही वाटलं नाही. 'कष्टाळू' हा शब्द मात्र फार लागला. वीस वर्षं रक्त आटवून शेवटी कष्टाळू.

"आता काय करशील रे?" आराबाने विचारलं.

एबो खुर्चीत नीट सावरून बसला आणि वीस वर्षांत पहिल्यांदा 'साहेब' न लावता टाइप करू लागला.

"प्रिय लाम्प्टे, आर्कांबद्दल तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. लिहितो. पैसे चौपट पडतील."