तुपेकाकांचं नाक

आमच्या ऑफिसातले तुपेकाका तीर्थसुद्धा हुंगल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. माझ्या साखरपुड्याला वैजापूरला आले, तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी स्वतः मठ्ठ्याचा पेला त्यांच्या हाती दिला. काकांनी तो नाकाशी नेला, डोळे मिटले आणि अख्खी पंगत बघायला लागेपर्यंत वास घेतला. मग म्हणाले, "चालंल." सासऱ्यांचा चेहरा पाहून माझं लग्न इथंच मोडतंय असं वाटलं.

"नाकाला विचारल्याशिवाय घशाखाली नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्याला कारण आमची नोकरी. करमाडच्या अलीकडे एका पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गळली आणि पेट्रोल आसपासच्या विहिरींत उतरलं. टाकी बदलली, मुरलेलं पेट्रोल काही निघेना. त्या विहिरींचं पाणी दर महिन्याला आमची प्रयोगशाळा तपासते. काका पाणी काढतात, मी बाटल्यांवर नावं घालते. बाटली औषधाच्या बाटलीएवढी. आत हवेचा बुडबुडा राहिला की तपासणी चुकते, मग काका तिला शिव्या घालतात आणि लगेच माफीही मागतात.

सगळ्यात वाईट विहीर गयाक्कांची. आत डोकावलं की पंपावर रांगेत उभं राहिल्यासारखं वाटतं. अक्का सत्तरीच्या, एकट्या. विहीर नवऱ्यानं स्वतः खणलेली. ते पाणी पिऊ नका म्हणून काकांनी परोपरीनं सांगितलं, तर म्हणाल्या, "मला तर काय वास येत नाय बा." शेजारपाजारच्यांनी त्यांच्या ओट्यावर टेकणंच सोडलं. टेकलं की चहा घ्यावा लागतो.

मी पहिल्यांदा गेले, तेव्हा विहिरीवर बाटल्यांवर नावं घालून ओट्यावर आले, तर काका आधीच टेकले होते. अक्कांनी रांजणात तांब्या बुडवून चहा टाकला. आणि तीर्थ हुंगणारे आमचे काका तो चहा न हुंगता, बशीत ओतून फुरके मारत प्याले. वर आणखी अर्धा कप मागितला. मी माझा कप गुपचूप कण्हेरीच्या बुडाशी ओतला.

पुढच्या खेपेला मी पाळत ठेवली. काकांनी मोटारसायकलला बांधून घरून पाण्याचा जार आणला होता. "आक्का, सॅम्पल नेतो," म्हणाले. अक्का सरपण आणायला गेल्या, तसा काकांनी अख्खा रांजण परसात उपडा केला, धुतला आणि त्यात जार ओतला.

"म्हातारी ऐकत नाय," ते म्हणाले. "मग काय करावं?"

दर दोन-तीन दिवसांनी, अगदी सुटीच्या दिवशीही, ते मुकुंदवाडीच्या घरून एवढ्यासाठी येत होते.

गेल्या महिन्यात काका तापानं पडले. मी एकटीच गेले. रांजण विहिरीच्या पाण्यानं काठोकाठ भरलेला, वास दारापर्यंत. मी घाबरून सगळं सांगून टाकलं. हे पाणी पिऊ नका, काका इतके दिवस तुमच्या नकळत चांगलं पाणी भरत होते.

अक्का शांतपणे म्हणाल्या, "ठावं हाय मला. वास तर लई येतो, पोरी."

त्यांनी आतल्या खोलीत नेलं. तिथं झाकून ठेवलेल्या दोन घागरी होत्या. काकांचं पाणी. काका गेले की अक्का ते घागरींत काढत, आणि काका यायच्या आधी रांजण पुन्हा विहिरीच्या पाण्यानं भरून ठेवत. त्यांना ओतून द्यायला काहीतरी हवं ना.

"अहो, मग काकांना सांगायचं की."

"सांगितलं तर तो कशाला यील? बायको गेल्यापासून त्याच्या घरी चूल पेटत नाय. हितं चहा पितो, अर्धी भाकर खातो, चार शब्द बोलतो."

काकांची बायको गेली, हे त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसूनही मला माहीत नव्हतं. मला फार लाज वाटली, आणि रडू आलं.

अक्कांनी घागरीतल्या पाण्याचा चहा थर्मासमध्ये भरून दिला. मी तो तसाच मुकुंदवाडीला नेला. काका अंथरुणात उठून बसले, झाकण उघडलं आणि न हुंगताच प्याले.

"म्हातारीला काय कळलं तर नाय ना?" त्यांनी विचारलं.

"नाही काका," मी म्हणाले. "रांजण तुमची वाट बघतोय."